कपाशीच्या बोंडातील उत्क्रांती

२०१७ सालच्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशीची बोंडे वरून धडधाकट दिसत होती. वेचणीला हात घातला तेव्हा मात्र आत किडलेली सरकी आणि पिवळी पडलेली कवडी निघाली. गुलाबी बोंडअळीने, जिला आपली जुनी माणसे शेंदरी बोंडअळी म्हणतात, बीटी कपाशी पोखरली होती. ज्या कपाशीला बोंडअळी लागणार नाही म्हणून महाग बियाणे घेतले, तिलाच ती लागली. तेव्हापासून एक वाक्य आपल्या भागात वरचेवर कानी पडते : "अळीला विषाची सवय झाली." रोज थोडी थोडी दारू पिणाऱ्याला जशी ती पचू लागते, तशी अळीलाही विष पचवण्याची शक्ती आली, असा या वाक्याचा भाव असतो.

हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण खरे नाही. सवय एकाही अळीला झाली नाही. ज्या अळ्या त्या विषाने मरावयाच्या होत्या, त्या पहिल्या वर्षी मेल्या आणि पंधराव्या वर्षीही मेल्या. बदलला तो अळ्यांचा समूह. कोणत्या अळीला संतती झाली आणि कोणत्या अळीला झाली नाही, एवढ्याच हिशेबाने तो बदलला. यालाच उत्क्रांती म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की उत्क्रांती म्हणजे माकड, माणूस आणि लाखो वर्षांपूर्वीची हाडे. प्रत्यक्षात अंबड तालुक्यातील कोणत्याही काळ्या रानात ती दहा-पंधरा वर्षांत घडून गेली, आणि तिची किंमत आपण बाजारात मोजली.

या गोष्टीचा आरंभही आपल्यापासून फार दूर नाही. जालन्यास १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. बियाणे-क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोन्सँटो या अमेरिकन कंपनीकडील जनुक महिकोने आपल्या वाणांत आणले आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांच्या लागवडीस परवानगी दिली. २००६ पासून दोन विषारी प्रथिने असलेली बोलगार्ड-दोन ही कपाशी आली. पुढे देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले.

बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप. हा मातीतला जिवाणू एक प्रथिन तयार करतो. पतंगवर्गीय अळीच्या आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या आवरणावरील काही विशिष्ट प्रथिनांना चिकटते आणि आवरणाला छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते आणि मरते. त्या चिकटण्याच्या जागांपैकी एका महत्त्वाच्या प्रथिनाचे नाव कॅडहेरिन. विषाला किल्ली म्हटले तर कॅडहेरिन हे कुलूप. किल्ली कुलपात बसली तरच दार उघडते. माणसाच्या पोटात असे कुलूप नाही.

आता मुख्य मुद्दा येतो. सर्व अळ्यांची कुलपे एकसारखी नसतात. कॅडहेरिन कसे घडवायचे याची कृती अळीच्या एका जनुकात लिहिलेली असते आणि पिढ्यान्‌पिढ्या या कृतीच्या नकला होत असतात. नकल करणाराच्या हातून अक्षर सुटावे किंवा चुकावे, तशा चुका येथेही होतात. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास केलेल्या आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. या चुका काही गरज ओळखून होत नाहीत. कपाशीत विष येणार आहे हे त्या जनुकाला ठाऊक नसते. लाखो अळ्यांत एखादीच्या कुलपाचा घाट थोडा वेगळा निघतो, इतकेच. विष नसताना त्या वेगळेपणाचा तिला काही लाभ नसतो. विष आले की तिला ते बाधत नाही, आणि तिच्या शेजारणी मरतात. भारतातील प्रतिकारक अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात संशोधकांना एकच एक बदल सापडला नाही, अनेक वेगवेगळे बदल सापडले. एकाच पोथीत निरनिराळ्या लेखकूंनी निरनिराळ्या ओळी चुकवाव्यात, तसे. सवयीने बदल होत असता तर त्यात एवढी विविधता कशाला आली असती?

आपल्या भागातील मोसंबीच्या बागेशी याची तुलना करून पाहावी. मोसंबीचे झाड आपण खुंटावर डोळा भरून तयार करतो. एका चांगल्या झाडाचे डोळे शंभर खुंटांवर भरले की शंभर झाडे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकच. फळ सारखे येते म्हणून बागाईतदाराला हेच हवे असते. परंतु अशा बागेत निसर्गाला निवड करण्यासारखे काही उरत नाही. एका झाडाला जो रोग मारील तो सर्वांनाच मारू शकेल. बोंडअळीचा पतंग मात्र नर-मादीच्या मीलनातून प्रजा वाढवतो, आणि प्रत्येक पिढीत जुनी जनुके नव्याने पिसली जातात.

परंतु केवळ वैविध्य असून भागत नाही, ते टिकलेही पाहिजे. या प्रश्नाने खुद्द डार्विनला छळले होते. त्याच्या काळी अशी समजूत होती की आईबापांचे गुण अपत्यात दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. १८६७ साली फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने आक्षेप घेतला की असे असेल तर एखाद्या प्राण्यात आलेला चांगला गुण पुढच्या पिढीत निम्मा, त्यापुढे पाव, असा पातळ होत नाहीसा होईल, मग निवड कशाची करणार? डार्विनपाशी याला समाधानकारक उत्तर नव्हते. गंमत अशी की उत्तर एक वर्ष आधीच छापले गेले होते. ब्रनो येथील मठातील ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील आपले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केले होते. त्याकडे विद्वानांचे लक्ष गेले ते १९०० साली. मेंडेलचे म्हणणे असे की गुणांचे कण दूध-पाण्यासारखे मिसळत नाहीत. ज्वारीच्या पोत्यात बाजरीचा एक दाणा टाकला तर तो हरवेल, पण विरघळणार नाही. कधीही निवडून काढा, तो बाजरीचाच दाणा असेल.

प्रत्येक अळीत कॅडहेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यांपैकी एक जरी मूळ स्वरूपाची असेल तरी पुरेशी कुलपे तयार होतात आणि अळी मरते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच ती वाचते. मेंडेलच्या भाषेत हा गुण अप्रभावी आहे.

आता थोडे गणित करू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, दर हजार प्रतींत एक प्रत बदललेली आहे. इंग्लंडातील हार्डी आणि जर्मनीतील वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, पतंगांचे मीलन सरमिसळ होत असेल, तर दहा लाख अळ्यांत दोन्ही प्रती बदललेली अळी सरासरी एकच निघेल. एकच प्रत बदललेल्या मात्र १,९९८ असतील. बाकीच्या सर्व साध्या. म्हणजे बदललेले जनुक बहुतेक सारे अशा अळ्यांत दडलेले असते, ज्यांना त्याचा काहीही उपयोग नाही. शेत बीटीचे असेल आणि विष पुरेसे तीव्र असेल, तर दहा लाखांतील ती एकच वाचेल.

ती वाचली, पतंग झाली, पुढे काय? पुढचे सारे तिच्या जोडीदारावर अवलंबून आहे. शेजारी साध्या, बिगर-बीटी कपाशीचा पट्टा असेल तर तेथून हजारो साधे पतंग उडतील आणि हिची गाठ त्यांच्यापैकीच एकाशी पडेल. होणाऱ्या प्रत्येक अपत्यात एक प्रत बदललेली, एक साधी. ते अपत्य बीटीवर गेले की मेले. जनुक पुन्हा मागे रेटले गेले. असा पट्टा नसेल तर शेतात उडणारे पतंग बीटीतून वाचलेलेच असणार. वाचलेलीची जोडी वाचलेल्याशी, आणि त्यांची सगळी संतती जन्मतःच प्रतिकारक. फरक काय तो एवढाच.

हे गणित सरकारलाही ठाऊक होते आणि कंपन्यांनाही. म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. वीस टक्के क्षेत्रावर किंवा शेताभोवती पाच ओळींत, यांपैकी जे अधिक होईल त्यावर, ते लावावे असा नियम होता. ती पुडी किती ठिकाणी बांधावरच राहिली हे आपण सर्व जाणतो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याची जमीनच चार एकर, त्याने त्यातला पाचवा हिस्सा अळीला खाऊ घालावा, तोही दहा वर्षांनंतरच्या आणि सर्वांच्या फायद्यासाठी, ही अपेक्षा त्याला कारण नीट न सांगता करण्यात आली. पुडीवर सूचना होती, पण दहा लाखांतील त्या एका अळीची गोष्ट गावोगाव जाऊन कोणी सांगितली नाही. माझ्या मते येथे शास्त्र कमी पडले नाही, ते सांगण्याची भाषा कमी पडली.

दुसरी एक अडचण खुद्द बोंडात होती, आणि ती मेंडेलच्या वाटाण्याइतकीच देखणी आहे. आपल्याकडील बीटी कपाशी संकरित. झाडाच्या प्रत्येक पेशीत विषाच्या जनुकाची एकच प्रत असते, दुसऱ्या पालकाकडून ती आलेलीच नसते. झाडाच्या पानात विष असतेच, परंतु बोंडातील सरकी म्हणजे पुढची पिढी. तिच्यात गुण विभागले जातात. बोलगार्ड-दोनमध्ये दोन जनुके असल्याने सोळा सरक्यांत सरासरी नऊंत दोन्ही विषे, तिनांत एक, तिनांत दुसरे आणि एकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते! म्हणजे एकाच बोंडात तिला तीव्र, मध्यम आणि बिनविषारी असे सर्व प्रकार मिळतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. विष असे तुटक मिळाले की एक प्रत बदललेल्या अळ्यांतीलही काही तगून जाण्याचा संभव असतो. मग जनुकाला वाढण्यासाठी त्या दहा लाखांतील एकीची वाट पाहावी लागत नाही, दडलेले १,९९८ कामाला लागतात.

परिणाम व्हायचा तो झाला. मार्च २०१० मध्ये गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी असल्याचे कंपनीनेच जाहीर केले. २०१४ च्या सुमारास तेथेच बोलगार्ड-दोनही पोखरली जाऊ लागली. दुसऱ्या विषाचे कुलूप निराळे, आणि त्यासाठी बदललेले जनुकही निराळेच निघाले. २०१७ साली ही लाट महाराष्ट्रात पसरली. वर्षाला चार-पाच पिढ्या धरल्या तर २००२ ते २०१० या काळात अळीच्या तीस-चाळीस पिढ्या झाल्या. माणसाच्या चाळीस पिढ्या म्हणजे हजार वर्षे, देवगिरीला यादवांची राजधानी होण्याच्याही आधीचा काळ. अळीच्या दृष्टीने ही घाई नव्हती.

येथे कोणी विचारील की मग हिरवी बोंडअळी का शिरजोर झाली नाही? तीही त्याच शेतात, तेच विष खात होती. औषधांना दाद न देण्यात तर तिचा लौकिक मोठा. १९८७ साली आंध्र प्रदेशात कपाशीचा जो सत्यानाश झाला तो सिंथेटिक पायरेथ्रॉइडांना न जुमानणाऱ्या या हिरव्या अळीनेच केला. तरी बीटीपुढे ती पुष्कळ काळ दबून राहिली. कारण तिचे ताट मोठे आहे. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, टोमॅटो, सारेच तिला चालते. आपल्या शेतकऱ्याने कपाशीत तुरीची ओळ घातली आणि रब्बीला हरभरा पेरला, तेव्हा त्याने न कळत साध्या पतंगांची पैदास चालू ठेवली. पुडीतल्या बियाण्याने जे व्हायचे ते तुरीने केले. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यापुरते सारे रान विषारी होते, आणि साधा पतंग यावा कोठून?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हीच गुलाबी अळी, हेच विष. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी आहे. साध्या कपाशीचे पट्टे बहुतेक शेतकऱ्यांनी लावले आणि दहा वर्षे अळी शरण राहिली. २००६ पासून तेथे विमानातून नपुंसक केलेले पतंग सोडण्यात आले, म्हणजे पट्ट्यातील साध्या पतंगांची जागा त्यांनी घेतली आणि प्रतिकारक अळीला जोडीदार मिळाला तरी संतती मिळेना. २०१८ साली तेथील सरकारने कापूसक्षेत्रातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. मोठी शेते, थोडे शेतकरी आणि पैसा, हे तिकडे होते हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे कृषी विद्यापीठ व कृषी खाते आता जे सांगते, ते या हिशेबातूनच वाचावे. डिसेंबरानंतर फरदड ठेवू नका, असे म्हणतात. कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी असले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी ठेवून आणखी एक वेचणी काढण्याचा मोह होतो. ती वेचणी म्हणजे अळीच्या एक-दोन जादा पिढ्या, आणि त्याही विषातून गाळून निघालेल्या. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, असे म्हणतात, कारण तिच्यातील किडक्या बोंडांत अळी उन्हाळाभर झोप काढते. मे महिन्यात लागवड करू नका, असे म्हणतात, कारण झोपेतून उठलेल्या पतंगाला पाते-फूल मिळाले नाही तर तो संतती न देताच मरतो. आणि डोमकळी दिसताच तोडून नष्ट करा, असे म्हणतात. न उमललेल्या त्या गुलाबासारख्या फुलात हंगामातील पहिली पिढी बसलेली असते.