रिचमंडचं दार कधी ठोठवायचं?

गणपतीची आरती होते, पानं मांडली जातात आणि अ‍ॅशबर्नच्या बेसमेंटमधल्या गप्पा हळूहळू गावच्या प्रश्नांकडे वळतात. ग्रीनवेचा टोल, घराशेजारी उभं राहणारं डेटा सेंटर, मंडळासाठी हक्काचा हॉल, रखडलेलं ग्रीन कार्ड. आणि सगळ्यांवर एकच उपाय सुचवला जातो : "आपल्या आमदारांना सांगायला हवं." सांगायला हवंच. पण यातली निम्मी कामं त्यांच्या हातातली नाहीत आणि जी आहेत ती सांगायची वेळ आपण बहुधा चुकवतो.

कोणाच्या हातात काय असतं, हा फरक सुहास सुब्रमण्यम यांच्या वाटचालीवरून सहज समजतो. २०१९मध्ये ते व्हर्जिनियाच्या हाउस ऑफ डेलिगेट्सवर निवडून आले, २०२३मध्ये राज्याच्या सेनेटवर आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या संसदेवर. माणूस तोच, मतदारही बरेचसे तेच. पण राज्याच्या राजधानीतून, रिचमंडहून, वॉशिंग्टनला गेल्यावर त्यांचे अधिकार पार बदलले. त्यांची सेनेटमधली जागा ७ जानेवारी २०२५च्या पोटनिवडणुकीत कन्नन श्रीनिवासन यांनी जिंकली. यांतल्या कोणाकडे कोणतं काम न्यायचं, याबद्दल वारंवार कानावर येणारे सहा गैरसमज इथे मांडते.

गैरसमज १ : राज्याचे आमदार व्हिसाचं काम मार्गी लावतील.

वस्तुस्थिती : एच-१बी, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, पासपोर्ट ही केंद्र सरकारची खाती. राज्याच्या डेलिगेटचा किंवा सेनेटरचा तिथे काही अधिकार नाही. अर्ज अडकला असेल तर आपल्या संसद सदस्याच्या किंवा व्हर्जिनियाच्या दोन केंद्रीय सेनेटरांपैकी एकाच्या कार्यालयात जावं. तिथले कर्मचारी तुमची लेखी संमती घेऊन संबंधित खात्याकडे चौकशी करतात. रांग मोडून पुढे नेणं मात्र त्यांनाही शक्य नसतं.

राज्याच्या आमदाराचं कार्यालय उपयोगी पडतं ते राज्याच्या खात्यांसाठी : डीएमव्हीत अडकलेलं लायसन्स, बेकारी भत्ता, मेडिकेड, व्यावसायिक पात्रतेचा परवाना. नोकरी गेल्यावर कागदपत्रांच्या चक्रात अडकलेल्या माणसाला अशा एका फोनचा केवढा आधार वाटतो! कोणाकडे जावं हेच कळत नसेल तर २११ हा क्रमांक फिरवावा. अन्न, भाडं, मानसिक आरोग्य अशा गरजांसाठी जवळची सेवा कुठे आहे, ते तिथे सांगतात.

गैरसमज २ : आमदार निधीतून मंडळाला हॉल मिळू शकतो.

वस्तुस्थिती : हा विचार आपण महाराष्ट्रातून सोबत आणला आहे. तिथे आमदाराला स्थानिक विकासासाठी दरवर्षी ठरावीक निधी मिळतो आणि त्यातून तो कामं सुचवतो. व्हर्जिनियात आमदाराच्या नावावर असा निधीच नसतो. एखाद्या कामासाठी पैसे हवे असतील तर राज्याच्या अर्थसंकल्पात दुरुस्ती सुचवावी लागते आणि ती दोन्ही सभागृहांच्या अर्थसमित्यांपुढे टिकावी लागते.

त्याहून मोठी अट खुद्द राज्यघटनेत आहे. चौथ्या कलमाच्या सोळाव्या विभागानुसार विधिमंडळाला धार्मिक संस्थेला पैसे देता येत नाहीत, आणि राज्याच्या मालकीच्या वा नियंत्रणाखाली नसलेल्या धर्मादाय संस्थेलाही देता येत नाहीत. तसा अधिकार काउंटीला देण्याची मुभा मात्र विधिमंडळाला आहे. म्हणून सेवाभावी संस्थांनी अनुदानाची चौकशी आधी आपल्या लाउडन काउंटीकडे करावी.

'कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग' हे नाव ऐकलं असेल, तर तो पैसा संसदेचा. २०२१पासून ही पद्धत पुन्हा सुरू झाली. त्यात संसद सदस्य आपल्या मतदारसंघातल्या मोजक्या कामांची शिफारस करतो. ती कामं स्थानिक सरकारांची किंवा ना-नफा संस्थांची असतात.

गैरसमज ३ : डेटा सेंटरला परवानगी रिचमंड देतं.

वस्तुस्थिती : अ‍ॅशबर्न हे कायद्याने शहरही नाही आणि टाउनही नाही. इथे ना महापौर, ना नगरपरिषद. कारभार काउंटीच्या मुख्यालयातून, लीसबर्गहून चालतो. नऊ जणांचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स जमिनीचा वापर, मालमत्ता कर, उद्यानं, ग्रंथालयं हे सगळं पाहतं. डेटा सेंटरना कोणत्याही सुनावणीशिवाय थेट बांधकामाचा जो हक्क होता, तो याच बोर्डाने मार्च २०२५मध्ये काढून घेतला.

राज्याचा वाटा वेगळा आहे. डेटा सेंटरच्या यंत्रसामग्रीवरची विक्रीकर सवलत हा राज्याचा कायदा आणि विजेच्या दरांवरची देखरेखही राज्याची. तेव्हा "माझ्या घरामागे इमारत नको" हे सुपरवायझरना सांगावं आणि "या उद्योगाची करसवलत आणि त्याच्यामुळे वाढणारा विजेचा भार तपासा" हे आमदारांना.

रस्त्यांची गोष्ट आणखी निराळी. व्हर्जिनियात १९३२पासून बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याकडे आहेत. सार्वजनिक रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार राज्याच्या परिवहन खात्याकडे, म्हणजे व्हीडॉटकडे करायची. टाउनहाउसच्या ओळींमधला रस्ता खाजगी असेल तर तो घरमालकांच्या संघटनेचा, म्हणजे एचओएचा. शाळेचं वेळापत्रक आणि दिवाळीची सुट्टी हा विषय स्कूल बोर्डाचा.

गैरसमज ४ : ग्रीनवेचा टोल आमदार कमी करू शकतात.

वस्तुस्थिती : १९९५मध्ये सुरू झालेला डलेस ग्रीनवे खाजगी कंपनीचा रस्ता आहे. त्याचा टोल राज्याचा कॉर्पोरेशन कमिशन ठरवतो. हा कमिशन न्यायालयासारखा पुरावे तपासून निकाल देतो. आमदाराला टोल ठरवता येत नाही, पण टोल कोणत्या निकषावर ठरवायचा, तो कायदा मात्र विधिमंडळ लिहितं. २०२१मध्ये हा कायदा कडक झाला. दरवाढीमुळे लोक रस्ता वापरायचं सोडणार नाहीत, हे पुढच्या काळाचा अंदाज मांडून दाखवणं कंपनीला भाग पडलं. २०२४मध्ये कमिशनने कंपनीची मोठी दरवाढ नाकारली. कमिशनपुढे रहिवाशांनाही म्हणणं मांडता येतं.

कायद्याची ताकद अशी आडवळणाने जाणवते, काउंटीच्या बाबतीतही. व्हर्जिनियात 'डिलन रूल' पाळला जातो, म्हणजे राज्याने जो अधिकार दिला तेवढाच काउंटीला असतो. शाळेजवळ वेग टिपणारा कॅमेरा बसवायचा तर तेवढ्यासाठीही २०२०मध्ये राज्याला कायदा करावा लागला. काउंटी "आम्हाला अधिकार नाही" म्हणाली, तर तेव्हा रिचमंडचं दार ठोठवावं.

गैरसमज ५ : अधिवेशन सुरू झालं की मग मागणी करू.

वस्तुस्थिती : तोवर उशीर झालेला असतो. विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी भरतं. सम वर्षी ६० दिवस चालतं, विषम वर्षी ते सहसा ४६ दिवसांत संपतं. शंभर डेलिगेट आणि चाळीस सेनेटर एवढ्या दिवसांत शेकडो विधेयकं हातावेगळी करतात. अधिवेशनाच्या मध्यावर 'क्रॉसओव्हर' येतो. जे विधेयक तोवर आपल्या सभागृहात मंजूर झालं नाही ते बारगळतं, आणि बरीचशी त्याआधीच उपसमितीत संपतात. मंजूर झालेल्यांवर गव्हर्नर सही करतात, दुरुस्ती सुचवतात किंवा नकाराधिकार वापरतात. त्या दुरुस्त्या आणि नकार यांवर वसंतात पुन्हा एक छोटी बैठक होते. बहुतेक कायदे १ जुलैला लागू होतात.

आमदारकी इथे अर्धवेळ आहे. अनेक जण आपली नोकरी-व्यवसाय सांभाळून ती करतात. म्हणून कल्पना घेऊन जायची ती उन्हाळ्यात किंवा शरदात, कायद्याचा मसुदा तयार व्हायच्या आत. अर्थसंकल्पावरची जाहीर सुनावणी जानेवारीच्या सुरुवातीला होते, ती चुकवू नये.

अजून एक. संस्थेचा गौरव करणारा ठराव विधिमंडळात संमत झाला की आपण तो अभिमानाने भिंतीवर लावतो. अभिमान रास्तच आहे. पण त्याने कायदा बदलत नाही आणि पैसाही मिळत नाही.

गैरसमज ६ : मी नागरिक नाही, माझं कोण ऐकणार?

वस्तुस्थिती : मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना आहे. निवडणुकीसाठी देणगी देता येते ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. एच-१बीवर असणाऱ्यांनी देणगी देऊ नये, तो कायद्याचा भंग ठरतो. पण पत्र लिहिणं, आमदाराला भेटणं, समितीपुढे दोन मिनिटं बोलणं, सुनावणीत साक्ष देणं यासाठी कोणी पासपोर्ट विचारत नाही. आपण इथे कर भरतो, मुलं इथल्या शाळेत जातात.

आणि ज्यांना मत आहे, त्यांनी दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निवडून थांबू नये. व्हर्जिनियाचे डेलिगेट, सेनेटर आणि गव्हर्नर विषम वर्षी निवडले जातात. त्या नोव्हेंबरात गाजावाजा कमी असतो, पण मुलांची शाळा, विजेचं बिल आणि टोल यांवर सर्वांत थेट परिणाम त्याच मताचा होतो. मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे त्या मंगळवारी ऑफिस असणं ही सबबही उरत नाही.

यंदा गणपतीत पुन्हा टोलचा विषय निघेल. तेव्हा "आमदारांना सांगायला हवं" म्हणून ताट उचलण्याआधी तिथेच ठरवूया, हे काम लीसबर्गचं, रिचमंडचं की वॉशिंग्टनचं. आणि पत्र कोण लिहिणार, तेही. गणपती भाद्रपदात येतात आणि जानेवारीच्या अधिवेशनासाठी कल्पना मांडायची हीच तर वेळ असते.