पेशींची वंशावळ

काचपट्टीवरच्या रंगवलेल्या कापात पेशी दिसते, पण तिची आई कोण हे दिसत नाही. ते कळायचं तर जनावर जिवंत हवं आणि त्यावरची नजर हटता कामा नये. केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन यांनी नेमकं हेच केलं.

जनावर म्हणजे सी. एलिगन्स, मातीतला जेमतेम एक मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक गोलकृमी. अंड्यातून निघालेली अळी वळवळते, म्हणून तिच्यापुढे अगारवर जिवाणूंचा घास ठेवायचा. खायला मिळालं की ती फारशी दूर जात नाही! या अळीतली विभाजनं सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी १९७७ मध्ये मांडली.

अंड्यातलं काम त्याहून किचकट. सुमारे १४ तासांत एका पेशीची अळी होते आणि निम्म्या वाटेवरच भ्रूण हलू लागतो. चित्रफीत पुरेशी स्पष्ट येईना. मग डोळा आणि पेन्सिल. रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, असं दीड वर्ष. एकाच भ्रूणात सगळ्या पेशींवर लक्ष ठेवणं अशक्य, म्हणून याच्यातली एक फांदी, त्याच्यातली दुसरी, असं जोडत गेले. हे ठिगळकाम चाललं, कारण प्रत्येक कृमीत विभाजनाचा क्रम जवळजवळ तोच असतो. १९८३ मध्ये वंशावळ पुरी झाली. गावोगावच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत शोभेल अशी. एकूण १०९० कायिक पेशी जन्मतात, १३१ ठरल्या वेळी मरतात, उरतात ९५९. मरणाऱ्यांची ही नोंद मला सगळ्यात विलक्षण वाटते. मरण घडवणारी जनुकं पुढे हॉर्विट्झना याच कृमीत सापडली. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांच्यासह सल्स्टन आणि हॉर्विट्झ या दोघांना २००२ चं नोबेल मिळालं.

माशात वा उंदरात असा ठरीव क्रम नाही, दाटीही प्रचंड. तिथे पेशीलाच दिवा लावावा लागतो. जेलीफिशचं हिरवं प्रथिन मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये याच कृमीत चमकवलं. जपानच्या अत्सुशी मियावाकी यांनी २००८ मध्ये दोन रंगांची युक्ती केली: पेशी नुसती वाढत असताना केंद्रक लाल, डीएनएची नक्कल सुरू झाली की हिरवं.

पण प्रखर प्रकाशाने पेशी भाजते. त्यावर उपाय म्हणजे प्रकाशाचा पातळ पडदा, जो एका वेळी एकच थर उजळतो. २००८ मध्येच हायडेलबर्गमध्ये झेब्राफिशच्या भ्रूणाचे पहिले २४ तास असे टिपले गेले. माग संगणक काढतो, पण दाटीत शेजारणींची अदलाबदल करतो. मग कुणीतरी पडद्यासमोर बसून एकेक चूक हाताने दुरुस्त करतं.