इरावती : नदीकाठी मिळालेलं नाव

गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी... मराठी घरांत मुलींना नद्यांची नावं ठेवायची रीत जुनी. त्या पंक्तीत इरावती मात्र क्वचितच दिसली. आपल्याला हे नाव ओळखीचं झालं ते मुख्यतः लेखिका इरावती कर्व्यांमुळे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. म्यिंजान इरावतीच्या काठावर वसलेलं, आणि मुलीला नाव मिळालं ते या नदीचं. मुलूख सोडून इतक्या लांब गेलेल्या माणसाला कृष्णा-गोदेची आठवण सहज झाली असती. करमरकरांनी मात्र ज्या नदीकाठी संसार मांडला तिचं नाव लेकीला दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नाव मात्र मुळात त्या नदीचंही नव्हे. वेदांमध्ये ‘इरा’ म्हणजे तृप्त करणारं पेय, अन्न. ते जिच्यापाशी विपुल, ती इरावती. पंजाबातली रावी हीच जुनी इरावती. ऋग्वेदात ती परुष्णी म्हणून येते, दाशराज्ञ युद्ध झालं ते तिच्याच काठी. इरावतीलाच परुष्णी म्हणतात, हा खुलासा यास्काने निरुक्तात केला आहे. अलेक्झांडरच्या स्वारीची हकीकत लिहिणाऱ्या ग्रीकांनी याच नावाचं ‘हायड्राओटीस’ केलं. संस्कृत आणि पालीबरोबर भारतीय नावं ब्रह्मदेशात पोचली, तेव्हा तिथल्या सर्वांत मोठ्या नदीला, सुमारे २,१७० किलोमीटर लांबीच्या, हे नाव लाभलं. मंडाले तिच्याच काठी. १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी तिथून बोटीने नेलं आणि अखेर रत्नागिरीत आणून ठेवलं. लोकमान्य टिळकांचा १९०८ ते १९१४ हा तुरुंगवासही मंडालेतलाच.

पुराणकथांतही हे नाव आहे. रामायणात इरावती ही भद्रमदेची कन्या आणि ऐरावत हत्तीची आई. महाभारतात अर्जुन आणि उलूपी यांचा मुलगा इरावान, म्हणजे याच नावाचं पुल्लिंगी रूप. तो कुरुक्षेत्रावर पडला. तमिळनाडूत तो अरावान या नावाने पूजला जातो आणि कूवागमच्या उत्सवात तृतीयपंथी त्याच्याशी लग्न लावतात. महाभारतावर ‘युगान्त’ लिहून १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या इरावती कर्व्यांचं नावही याच कुळातलं असावं, हा योग मला सुंदर वाटतो.

हल्ली ‘इरा’ हे आखूड नाव बरंच कानावर येतं. गोड आहे, अर्थही पूर्ण आहे. तरी त्यात नदी नाही, रावी नाही, ऐरावतही नाही. म्हणून माझा आग्रह असा, की जन्मदाखल्यावर सबंध इरावती लिहावं. घरात हाक मारायला इरा आहेच. लिहिताना पहिली इ ऱ्हस्व, शेवटचा ती दीर्घ.