चप्पल आमची, डिझाईन कुणाचे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल फॅशन शोमध्ये मिरवली. कोल्हापूरचा उल्लेख नाही, चर्मकाराचा तर नाहीच! ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. सगळ्यांची अस्मिता उफाळून आली. आम्ही मात्र वेगळा प्रश्न विचारतो. परदेशी कंपनीला जाब विचारणाऱ्या या देशाने आपल्या कला व डिझाईन संस्थांत त्या चर्मकाराला कोणती जागा दिली?

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे, तळ घडवणे, वादीने शिवणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. ज्या व्यवस्थेने ती चप्पल पायात घातली, तिनेच ती घडवणाऱ्याला अस्पृश्य ठरवले. आज डिझाईनचे विद्यार्थी वस्तीत येतात, फोटो काढतात, नमुने नेतात. त्यावर प्रकल्प होतो, पदवी मिळते. कारागीर मात्र ‘माहिती देणारा’च राहतो. हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे, ही मनूची वाटणी पदवीच्या कागदावरही तशीच उतरते.

मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ चे. तेथील ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. रेषा गिरवली गेली, रंग गिरवले गेले. पण त्यामागचा तथागतांचा करुणेचा विचार किती वर्गांत शिकवला गेला? वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंदच आहे. पण भिंतीवर वारली नक्षी काढली म्हणजे विविधता आली असे होत नाही. वर्गात आदिवासी विद्यार्थी किती आणि खुर्चीवर आदिवासी शिक्षक किती, हे मोजावे लागते.

कायदा आपल्या बाजूने आहे. घटनेच्या कलम १५(५) च्या आधारे झालेल्या २००६ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षण संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा दिल्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीमी लेयर वगळून तो उचलून धरला. पण राखीव जागा आणि आपला विद्यार्थी यांच्यामध्ये प्रवेश परीक्षेची महागडी शिकवणी, साहित्याचा खर्च, भरमसाट फी आणि इंग्रजीची भिंत उभी आहे.

दुसरी बाजूही पाहा. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण नोंदणी दोन्ही राज्यांच्या महामंडळांच्या नावे! प्राडाविरोधातील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकाने मागावी, असे सांगितले. कारागिराला फार तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. ही नोंद प्रत्येक कारागिराने केलीच पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. कारागिराला प्राध्यापकाच्या मानधनावर शिकवायला बोलवा. राखीव जागा व शिक्षकपदे किती भरली, ते दरवर्षी जाहीर करा. कलेच्या इतिहासात जातीचा इतिहास शिकवा. आणि समाजबांधवांनो, आपल्या पोराचा हात चित्रात चालत असेल तर ‘याने पोट भरेल का?’ म्हणून त्याला अडवू नका. डॉक्टर, वकील, अधिकारी आपण घडवले. आता डिझाईनच्या वर्गातही आपला विद्यार्थी आणि आपला शिक्षक दिसला पाहिजे. जयभीम!