आपत्कालीन वैद्यक आणि डॉक्टरांचे निरंतर शिक्षण : मिरा-भाईंदरच्या संदर्भात

वैद्यकाच्या बहुतेक शाखांत रुग्ण हा एका अर्थाने निवडून आलेला असतो. नेत्रतज्ज्ञाकडे डोळ्याचा विकार येतो, अस्थितज्ज्ञाकडे मोडलेले हाड येते. अपघात विभागात बसलेल्या डॉक्टरास ही सोय नाही. एका घटकेस विष प्यालेला मनुष्य त्याच्यापुढे येतो, दुसऱ्या घटकेस छातीतील कळेने घामाघूम झालेला, तिसऱ्या घटकेस गाडीतून पडलेला प्रवासी. रोगाचे नाव निश्चित होण्यापूर्वीच उपचारास आरंभ करावयाचा, ही या शाखेची मूळ अट आहे. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकास स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. अर्थातच आज या विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी पुष्कळांनी हा विषय विषय म्हणून कधी अभ्यासलेला नाही. इतरांच्या बाबतीत निरंतर शिक्षण म्हणजे मिळविलेल्या विद्येस उजाळा देणे होय. या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र तेच पुष्कळदा पहिले शिक्षण असते, आणि त्याची चर्चा करताना ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मिरा-भाईंदर हे शहर या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचे आहे. येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लक्ष २० हजार असलेली वस्ती २०११ मध्ये ८ लक्ष ९ हजारांवर गेली. एका अंगास वसईची खाडी व मिठागरे, दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेस उत्तनचा कोळीवाडा, मधून जाणारी उपनगरी रेल्वे आणि काशिमिऱ्यावरून धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशी या शहराची ठेवण आहे. महामार्गावरचा अपघात, रुळावरचा अपघात, डोंगरालगतच्या वस्तीतील सर्पदंश आणि मध्यमवर्गीय सदनिकेतील हृदयविकाराचा झटका, हे सारे एकाच शहराच्या वाट्यास येते. उपचाराची सोय मुख्यतः खाजगी रुग्णालये व लहान शुश्रूषागृहे यांच्याकडे असून सार्वजनिक व्यवस्थेत भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे प्रमुख होय. शहरात स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाही. शिकविणे हा जेथे नित्याचा व्यवहार आहे अशी संस्था जवळ नसली म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणाचे काय होते, हा प्रश्न येथे आपोआपच उभा राहतो.

दिनांक ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी एक स्फोट मिरा रोड व भाईंदर या स्थानकांच्या दरम्यान झाला. त्या वेळी आपत्कालीन वैद्यकास देशात स्वतंत्र मान्यता मिळालेली नव्हती, हे वर आलेच आहे. परंतु येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. त्या सायंकाळी अत्यंत जागरूक डॉक्टराने जे केले असते, त्यातील बराच भाग आज कोणी जागरूक डॉक्टर करणार नाही.

रक्तस्रावाचेच उदाहरण घ्यावे. रक्तदाब घसरलेल्या जखमीस प्रथम दोन लिटर सलाइन भराभर द्यावे, असे त्या काळी जगभर शिकविले जात असे. यामागील तर्क सरळ होता : भांड्यातील द्रव कमी झाला आहे, तो भरून काढा. पुढे असे दिसून आले की, जखम बंद होण्याआधीच असे सलाइन ओतल्याने रक्त गोठविणारी द्रव्ये विरळ होतात, शरीर थंड पडते आणि वाढलेल्या दाबाने नुकतीच धरू लागलेली गुठळी निसटते. जखमींवरील प्रथमोपचाराचा जो अभ्यासक्रम जगात सर्वाधिक प्रचलित आहे, त्याने २०१२ च्या आवृत्तीत हे प्रमाण एका लिटरवर आणले. आज शक्य तितक्या लवकर रक्तच द्यावे याकडे कल आहे. हातापायास आवळपट्टा बांधणे हा तेव्हा अगदी शेवटचा उपाय समजला जाई, कारण त्याने अवयव गमवावा लागतो अशी भीती होती. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत सैनिकी शल्यवैद्यांस आलेल्या अनुभवाने ही समजूत उलटली आणि तोच पट्टा पहिल्या उपायांत जाऊन बसला. स्फोटाच्या दाबाने कान, फुप्फुस व आतडे या हवा असलेल्या अवयवांस इजा होते. त्यांत कानाचा पडदा सर्वांत आधी फाटतो, म्हणून पडदा शाबूत असेल तर फुप्फुस निर्धोक समजावे, असा एक सोयीचा आडाखा होता. तोही पुढील अनुभवात टिकला नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचे. हे औषध जुनेच व स्वस्त. रक्ताची गुठळी विरघळविणारी जी क्रिया शरीरात चालते तिला ते आळा घालते. अपघातातील रक्तस्रावात त्याचा उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी ४० देशांतील २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर प्रयोग करण्यात आला. त्यात भारतातील रुग्णालयेही होती. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, औषध मिळालेल्यांत ते १४.५ टक्क्यांवर आले. पुढील वर्षी याच सामग्रीचे अधिक बारकाईने विवेचन झाले तेव्हा असे आढळले की, हे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यासच गुणकारी ठरते. त्यानंतर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी न होता वाढतात. काशिमिऱ्याजवळ जखमी झालेल्या मनुष्यास मुंबईतील मोठ्या रुग्णालयात पोहोचविण्यात हे तीन तास किती सहज निघून जाऊ शकतात, हे त्या रस्त्यावरून संध्याकाळी गेलेल्या कोणासही सांगावयास नको. औषध द्यावयाचे ते पहिल्या डॉक्टराने, म्हणजे बहुधा लहान रुग्णालयात रात्रपाळीस असलेल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञास ही माहिती असून भागत नाही. ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत गेली आहे काय, यावर जखमीचा जीव अवलंबून आहे.

ही माहिती पोहोचविण्याची आपली व्यवस्था कोणती? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत प्रत्येक डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा, असे म्हटले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने याची सांगड नोंदणीच्या नूतनीकरणाशी घातली आणि पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळविणे आवश्यक केले. परिषदेची मान्यता मिळालेल्या सभांना उपस्थित राहून हे अंक मिळवावयाचे असतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जे नवे नियम काढले त्यांतही पाच वर्षांतील ३० अंकांचीच अपेक्षा होती, आणि औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांपासून दूर राहण्याचा दंडकही होता. त्याच महिन्यात ते नियम स्थगित करण्यात आले.

या नियमाचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, आणि नियमच नव्हता तेव्हापेक्षा तो बराच म्हटला पाहिजे. तथापि त्याचे माप चुकीचे आहे. तो तास मोजतो. त्वचारोगावरील व्याख्यानास बसलेला अपघात विभागातील डॉक्टर आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचा सराव केलेला डॉक्टर, या दोघांच्या खाती सारखाच अंक जमा होऊ शकतो. शिवाय व्याख्यान ऐकल्याने डॉक्टराच्या वागण्यात कितपत फरक पडतो, याचाही अभ्यास झालेला आहे. अशा ८१ प्रयोगांचे एक साकल्याने परीक्षण २००९ साली प्रसिद्ध झाले. शैक्षणिक सभांमुळे योग्य उपचार करण्याच्या प्रमाणात सुमारे ६ टक्क्यांची सुधारणा होते, व्याख्यानास प्रत्यक्ष सहभागाची जोड दिल्यास परिणाम अधिक दिसतो, आणि गुंतागुंतीच्या कृतींच्या बाबतीत केवळ सभांचा परिणाम आढळत नाही, असे त्याचे तात्पर्य. आपत्कालीन वैद्यक तर बहुतांशी गुंतागुंतीच्या कृतींचेच बनलेले आहे.

यात आणखी एक अडचण आहे, ती विस्मरणाची. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावयाची असते. हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. पण हाताने ते नीट होण्यास सराव लागतो, आणि तो सराव सुटला की काही महिन्यांतच हात बिघडतो, असे वारंवार आढळून आले आहे. या विषयाचे प्रशस्तिपत्र साधारणतः दोन वर्षे चालते. कौशल्य तितके टिकत नाही. म्हणूनच अलीकडे वर्षातून एकदा दिवसभराच्या वर्गाऐवजी दर तिमाहीस थोडा वेळ पुतळ्यावर सराव करण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. ज्या गोष्टी क्वचित कराव्या लागतात पण करावयाच्या तेव्हा चुकून चालत नाहीत, त्यांना पाच वर्षांचा हिशेब लावणे व्यर्थ आहे. गायकाच्या रियाजाचे कोणी पाच वर्षांचे तास मोजत नाही.

निरंतर शिक्षण म्हणजे वरून खाली येणारी माहिती, अशीही एक समजूत या नियमात गृहीत आहे. कोकणातील विंचूदंशाचा इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. डॉ. हिंमतराव बावसकर हे १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, तेथे दगावत. प्रचलित पुस्तकांत यावर खात्रीचा उपचार नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदविला : उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, पुढे रक्तदाबातील चढउतार, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरणे. ही पूर्वचिन्हे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. विंचवाच्या विषाने शरीरातील अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात व त्यांच्या माऱ्याखाली रक्तवाहिन्या आवळून हृदय थकते, हे ओळखल्यावर त्या माऱ्याची वाट अडविणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध त्यांनी वापरून पाहिले, आणि १९८६ साली ते निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्येच छापून आले. मृत्यूचे प्रमाण पुष्कळच खाली आले. पुढे २०११ साली महाड येथील ७० रुग्णांवरील प्रयोगात, प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे त्यांनीच दाखवून आपल्या उपचारात भर घातली. खेड्यातील आरोग्य केंद्रात जे घडले त्यास कोणत्याही परिषदेचा श्रेयांक नव्हता. तरी निरंतर शिक्षण या शब्दाचा पुरा अर्थ तेथे दिसतो. रुग्ण पाहणे, टिपणे, शंका घेणे, वाचणे, करून पाहणे व इतरांस कळविणे.

प्रत्येक डॉक्टराने संशोधक व्हावे असा याचा अर्थ नव्हे. परंतु आपल्या रुग्णाचे पुढे काय झाले, एवढे तरी त्याला कळावयास हवे. मिरा-भाईंदरसारख्या शहरात नेमकी हीच साखळी तुटते. गंभीर रुग्णास प्राथमिक उपचार करून मुंबईस किंवा ठाण्यास धाडले जाते, आणि धाडणाऱ्यास बहुधा त्याची पुढील वार्ता लागत नाही. नळी योग्य जागी गेली होती की नाही, सलाइन जास्त झाले की कमी, निदान बरोबर होते काय, याची उत्तरे दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदांत राहतात. चूक कळल्याशिवाय सुधारणा होत नाही, ही तर शिक्षणशास्त्रातील प्राथमिक गोष्ट. मोठ्या अध्यापन-रुग्णालयांत मृत्यूंची चिकित्सा करणारी सभा नियमाने भरते आणि तरुण डॉक्टर तेथे जितके शिकतो तितके वर्गात शिकत नाही. शहरातील चार-पाच रुग्णालयांनी मिळून महिन्यातून एकदा अशी सभा भरविणे, आणि पाठविलेल्या रुग्णाबद्दल दोन ओळींचे उत्तर परत येण्याची व्यवस्था करणे, यास फारसा खर्च नाही. लागते ती परस्परांपुढे चूक मांडण्याची तयारी. स्पर्धेत असलेल्या खाजगी रुग्णालयांकडून तिची अपेक्षा करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हणून अशा सभेचे यजमानपद सार्वजनिक रुग्णालयाकडे असणे अधिक सोयीचे ठरेल. त्या सभेस परिषदेने श्रेयांक दिले तर ३० अंकांच्या नियमाचेही सार्थक होईल.

शेवटी एका वर्गाचा उल्लेख राहतो. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या व ७०४ प्राथमिक उपचारांच्या. अन्यत्र रुग्णवाहिकेवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने डॉक्टर नेमण्याचे ठरविले, आणि या जागांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आले. रस्त्यावरील जखमीस पहिला हात लागतो तो यांचा, आणि ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचे तीन तासही यांच्याच गाडीत मोजले जाऊ लागतात. या पदवीधरांची नोंदणी मात्र महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नसून भारतीय वैद्यकाच्या वेगळ्या परिषदेकडे असते. त्यामुळे वर चर्चिलेला ३० अंकांचा नियम त्यांना लागू नाही, आणि ज्या सभांत अपघात विभागातील डॉक्टर बसतात त्यांचे निमंत्रण त्यांना सहसा जात नाही.