सेडानचा जमाखर्च

गाडी घ्यायची ठरली की घरात दोन रकान्यांची यादी तयार होते: एकीकडे फायदे, दुसरीकडे तोटे. सेडानच्या बाबतीत ही यादी पुरेशी ठरत नाही, कारण तिचे बहुतेक तोटे फायद्यांच्याच पोटातून आलेले असतात. बुटकी असल्यामुळे ती रस्त्याला धरून चालते आणि त्यामुळेच गतिरोधकाला घासण्याची भीती असते. लांब असल्यामुळे डिकी मोठी मिळते आणि त्यामुळेच करही जास्त लागतो. म्हणून प्रत्येक गुण आपल्याला किती वेळा कामी येईल आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागेल, हे एकत्रच पाहायला हवं. उदाहरण म्हणून फोक्सवॅगन व्हर्टस घेऊ. जून २०२२ मध्ये बाजारात आलेली ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार होते. तिच्याच प्लॅटफॉर्मवरची स्कोडा स्लाव्हियाही तिथलीच.

लांबी आणि कर

व्हर्टसची लांबी ४,५६१ मिलिमीटर आहे. डिझायर, ऑरा, अमेझ या सेडान चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, तेव्हापासून ही मर्यादा आपल्याकडच्या गाड्यांचा आकार ठरवत आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के लागतो, नाहीतर ४० टक्के. व्हर्टसचं लहान इंजिन ९९९ सीसीचं, म्हणजे इंजिनाची अट ती पाळते. तरीही लांबीमुळे ती ४० टक्क्यांत जाते.

अर्ध्या मीटरहून थोड्या जास्त लांबीसाठी एवढा कर भरून मिळतं काय? मागच्या सीटवर पाय मोकळे ठेवता येतात आणि ५२१ लिटरची डिकी मिळते. चौघांच्या बॅगा भरूनही मागे कुणाच्या मांडीवर पिशवी येत नाही. डिकी बसण्याच्या जागेपासून वेगळी असल्याने कोकणातून आणलेल्या फणसाचा किंवा सुकटीचा वास बराचसा मागेच राहतो आणि चाकांचा आवाजही कमी जाणवतो. मात्र डिकीचं तोंड लहान असतं. उंच खोकं किंवा लहान मुलाची सायकल हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून सहज जाते, इथे अडते. शिवाय मागे मधोमध जमिनीवर उंचवटा असल्याने पाचव्या माणसाला पाय ठेवायला अवघड जातं. लांबच्या प्रवासासाठी ही चौघांची गाडी समजावी.

बुटकेपणा

उंची १,५०७ मिलिमीटर. गाडीचं वजन जमिनीजवळ राहिलं की वळणावर ती कमी झुकते आणि घाटात मळमळणाऱ्यांना त्याचा फरक जाणवतो. महामार्गावर दुसरा फायदा हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलं की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. बुटक्या गाडीला हवेला कमी अंग द्यावं लागतं, म्हणून एक्स्प्रेस वेवर पेट्रोल वाचतं.

आता दुसरी बाजू. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे. आकडा वाईट नाही, पण गतिरोधक कसा आहे यावर सगळं अवलंबून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,६५१ मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली तरी चारही चाकं त्याच्या उतारांवरच असतात. चाकांबरोबर गाडीचं पोटही उचललं जातं आणि उंचवट्याचा साधारण निम्माच भाग पोटाकडे येतो. गल्लीत किंवा सोसायटीत सिमेंटचा अरुंद, १५ सेंटिमीटरचा उंचवटा घातलेला असेल तर पुढची चाकं उतरलेली आणि मागची अजून चढायची, अशा क्षणी त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. त्यात चार माणसं आणि सामानाने गाडी बसलेली. मग घासण्याचा आवाज आला तर नवल नाही.

गुडघेदुखी असलेल्यांनाही बुटक्या गाडीच्या सीटवर खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना जोर लावावा लागतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हा मुद्दा यादीत अगदी वर हवा.

इंजिन आणि गिअर

एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. टर्बोत बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतं. जादा हवेत जादा पेट्रोल जळतं, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पूर्ण टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे ओव्हरटेक करायला ताकद तयार असते. पण त्याखाली धूर कमी, म्हणून चक्रही सुस्त. घाटाच्या आवळ वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम पडले की गाडी क्षणभर विचार करते, मग एकदम ओढते. टर्बो नसलेल्या होंडा सिटीचा टॉर्क १४५ न्यूटन-मीटरच आहे, पण तिची ओढ सलग वाढत जाते.

दीड लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. भार कमी असताना ते मधले दोन सिलिंडर बंद करतं आणि पेट्रोल वाचवतं. त्याच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, एक सम गिअरसाठी. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल झटकन होतो. हे क्लच कोरडे आहेत. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट लागलेले राहतात, घासतात आणि तापतात. एक लिटरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. तिथे ताकद तेलामार्फत जाते, त्यामुळे बदल थोडा सावकाश होतो, पण गर्दीत गाडी मऊ सरकते. रोज हिंजवडी किंवा घोडबंदरच्या रांगेत उभं राहणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टरचा पर्याय निवडावा, असं मी ठामपणे सांगेन.

सुरक्षितता

एप्रिल २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत व्हर्टस आणि स्लाव्हियाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले: ३४ पैकी २९.७१ आणि ४९ पैकी ४२ गुण. गाडीचा सांगाडा स्थिर ठरला. हे गुण पट्टे बांधलेल्या पुतळ्यांवर मिळाले आहेत. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर पाच ताऱ्यांचा त्यांना उपयोग नाही.

ट्रायलला जाताना

एकट्याने जाऊ नका. ड्रायव्हरची सीट स्वतःच्या सोयीने लावा आणि मग तिच्या मागे बसून पाहा. आई-वडिलांना चढ-उतार करायला लावा. घरातली सगळ्यात मोठी बॅग डिकीत ठेवा. चौघांना बसवून आपल्याच गल्लीतल्या गतिरोधकावरून जा आणि एसी चालू ठेवून पुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही.

मग महिन्याचे किलोमीटर मांडा. त्यातले निम्म्याहून अधिक महामार्गावरचे असतील आणि घरात चौघं असतील, तर सेडान सुखाचा, शांत आणि भक्कम प्रवास देते, तिच्यावर भरलेला कर वसूल होतो. रोजचा रस्ता उखडलेला, पार्किंग अरुंद आणि गुडघे कुरकुरणारे असतील, तर कितीही देखणी वाटली तरी ती घेऊ नये.