एक्सएमएलमधील नोंदी गुणधर्मांवरून कशा निवडतात?

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. योजनेचे तंत्रज्ञान केंद्र मात्र बंगळुरूमध्ये आहे. नागरिकाला ऑफलाइन ओळख पटवता यावी, यासाठी आधार प्राधिकरणाने ठरवलेली फाइल एक्सएमएल स्वरूपाची आहे. तिच्यात नाव, जन्मतारीख, जिल्हा, पिनकोड हा तपशील घटकाच्या आत नसून त्याच्या आरंभीच्या खुणेतच गुणधर्म, म्हणजे ॲट्रिब्यूट, म्हणून लिहिलेला असतो. छायाचित्र मात्र घटकाच्या आत असते.

अशा फाइलचे वाचण्याजोग्या पानात रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा वापरता येते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी, एक्सपाथ या निवडीच्या भाषेसह, शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. स्टाईलशीटमध्ये एकही नियम न लिहिता ती या फाइलवर चालवली, तर नाव-पत्ता गायब होतो आणि छायाचित्राची व डिजिटल स्वाक्षरीची सांकेतिक अक्षरे पानभर उमटतात! आपोआप उतरतो तो घटकातील मजकूर. गुणधर्म मागावा लागतो. तो मागण्याची खूण '@' ही होय.

एक्सएमएलमध्ये नावे देवनागरीतही ठेवता येतात. समजा, एखाद्या संस्थेने अनेक नोंदी एकत्र केल्या आहेत. त्यांतून पत्ता[@जिल्हा='नंदुरबार'] असे लिहिल्यास त्या जिल्ह्याचे पत्तेच निवडले जातात. चौकोनी कंसात अट असते.

खरी गफलत होते ती उलट निवडीत. नंदुरबारबाहेरचे सगळे हवेत म्हणून पत्ता[@जिल्हा!='नंदुरबार'] असे लिहिले, की ज्या नोंदीत जिल्हा हा गुणधर्मच नाही ती वगळली जाते. ती पहिल्या यादीतही नसते आणि दुसऱ्याही. संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. अशी यादी शिष्यवृत्तीची किंवा धान्यवाटपाची असेल, तर माणूसच यादीबाहेर राहतो. त्यासाठी मूळची 'बरोबर' ही अट 'नॉट' या फंक्शनच्या कंसात घालावी. मग गुणधर्म नसलेली नोंदही हाती लागते.

गुणधर्म असून त्याची किंमत रिकामी असेल, तर गोष्ट वेगळी. रिकामी किंमत ही 'नंदुरबार' नव्हे, म्हणून ती नोंद दोन्ही पद्धतींत निवडली जाते. शिवाय तुलना अक्षरागणिक होते. 'नंदूरबार' असा दीर्घ ऊकार किंवा शेवटी राहिलेली मोकळी जागाही अट मोडते. जागेवर इलाज आहे. 'नॉर्मलाइज-स्पेस' हे फंक्शन मागचीपुढची मोकळी जागा काढून टाकते. शुद्धलेखनाचे तसे नाही. ते नोंद करतानाच तपासावे लागते.